न चमकलेल्या पेशी

बारा उंदरांच्या पेशी यंत्रातून गेल्या. पडद्यावर एकही चमकली नाही.

संशोधक रश्मीने पुन्हा पाहिलं. पेशींना लावलेली अँटिबॉडी उंदराच्या रोगप्रतिकारक पेशीवरच्या ग्राहीला, म्हणजे रिसेप्टरला, चिकटते आणि लेझरखाली चमकते. आधीच्या बाटलीने पडदा उजळून टाकला होता. या नव्या बाटलीने नुसता काळोख दाखवला. बारा जीव फुकट गेले.

चंद्रपूरच्या त्या लहानशा संशोधन केंद्राचे संचालक गुणवंतराव यांना उत्तर लगेच सापडलं. मदतनीस लटारूभाऊंनी फ्रीज उघडा टाकला असणार. त्यांचं कंत्राट त्याच दिवशी पाच वाजता संपत होतं. ते आता वाढणार नव्हतं. रागाच्या भरात रश्मीने तक्रारीवर सहीही करून दिली.

मग तिने बाटली हातात घेतली. वरची फॉइल शाबूत होती, म्हणजे उजेड लागला नव्हता. फ्रीजच्या तापमानाचा तक्ता रोज चार अंश दाखवत होता. फक्त बाटलीची चिठ्ठी सुटलेली होती आणि दोऱ्याने बांधलेली. फ्रीजमध्ये ठेवल्याची तारीख तिच्यावर लटारूभाऊंच्या अक्षरात होती, अठरा मे.

"दोरा तुम्ही बांधला?" तिने लटारूभाऊंना विचारलं.

"हो बाई. गोंद ओला होऊन सुटला होता."

"फ्रीजमध्ये गोंद सुटत नाही, भाऊ."

"आता गोंदाच्या मनात काय असते, मले काय मालूम?"

"पार्सल कोणी आणलं?"

"मीच आनलं असन. लिहून टाका ना, लटारूनं केलं."

गुन्हा इतक्या सहज अंगावर घेणारा माणूस तिला खटकला. ती बसस्थानकावरच्या पार्सल खिडकीवर गेली. पावती सतरा मे, दुपारी साडेतीनची होती. सही तिचीच होती.

सतरा मेला चार वाजता अहेरीहून, घरून फोन आला होता. बाबा गेले होते. त्या अर्ध्या तासातलं तिला काहीच आठवेना. पण हाताची सवय तिला ठाऊक होती.

पावणेपाचला ती गुणवंतरावांसमोर उभी राहिली. लटारूभाऊ दाराशी होते.

"सर, ही बाटली गोठली होती. गोठली की तिचा रंग मरतो. वितळताना पाणी सुटलं, म्हणून चिठ्ठी निघाली. आपल्या उन्हाळ्यात बसमधून आलेलं सगळं आपण आधी डीप फ्रीझरमध्ये टाकतो. सीरमला ते चालतं, हिला नाही. हे मला माहीत होतं. सतरा तारखेला ती तिथे मीच टाकली आणि निघून गेले. लटारूभाऊंनी दुसऱ्या दिवशी ती फ्रीजमध्ये हलवली, एवढंच. आणि तक्रारीवर सही माझी आहे."

गुणवंतरावांनी लटारूभाऊंच्या कंत्राटाचा कागद पुढे ओढला आणि मुदतवाढीवर सही केली.

"तुम्ही सांगितलं काऊन नाही, भाऊ?" तिच्याही तोंडी घरची बोली आली.

"तुमी बाबाच्या जलदान विधीवरून आल्या होत्या, बाई. त्यात अजून हे कायले?"

तिने तक्रारीवरची सही खोडली. लटारूभाऊ तोवर दाराबाहेर पाहत राहिले, तिला त्यांच्या नजरेला नजर द्यावी लागू नये म्हणून.