आमच्या फ्लॅटमध्ये राहणारी बाई

पटलं तर वाचा, नाही तर सोडून द्या. मी कुणाला पटवायला बसलेली नाही. पण हे माझ्यासोबत घडलेलं आहे, आणि अशा गोष्टींत असते तशी ती काळोखी रात्रही नव्हती. मागच्या वैशाखातली भर दुपार होती. डांबर चपलेला चिकटत होतं.

जागा जालना. मंठा रोडला, वस्ती विरळ होते तिथं, शिखर टॉवर नावाची चौदा मजल्यांची बिल्डिंग अर्धवट उभी होती. काम बंद पडलेली.

तिच्या नवव्या मजल्यावर आमचा फ्लॅट होता. आणि त्या फ्लॅटमध्ये कोणीतरी राहत होतं...

माझं नाव बेबीनंदा. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. माहेर हसनाबाद, सासर वाटूर, आणि राहायला जालन्यात भाड्याच्या दोन खोल्या. मी बियाण्यांच्या कंपनीत पॅकिंगला जाते. हे, म्हणजे माझे मालक धर्मराज, सळईच्या मिलमध्ये सुपरवायझर आहेत.

आणखी एक. मी जळकी आहे. बाकीच्या बायका लपवतात, मी लपवत नाही.

माझी धाकटी जाऊ आकांक्षा माझ्यानंतर सहा वर्षांनी घरात आली आणि माझ्या आधी स्वतःच्या घरात गेली. अंबड रोडला रो-हाऊस. वास्तुशांतीला माझ्या हातात ब्लाऊजपीस ठेवत म्हणाली, "ताई, तुमचंबी होईल हो."

त्या 'होईल हो'नं माझं डोकं फिरलं.

आमच्या फ्लॅटच्या तेव्हा नुसत्या भिंती झाल्या होत्या. दार नाही, फरशी नाही, नळ नाही. पण स्वयंपाकाचा ओटा बसला होता. मला तेवढं पुरे होतं. छोटा गॅस घेतला, पातेलं घेतलं, आणि नव्या घरात पहिल्यांदा घालतात तसं दूध उतू घालायला निघाले.

"अगं, ताबा तरी मिळू दे," हे म्हणाले. "कशाची घाई करून राह्यली तू?"

"तुमाला न्हाई कळायचं," मी म्हणाले.

दूध उतू गेलं. मी पदर डोक्यावर घेऊन हसले, यांनी फोटो काढला, तो मी तिथूनच आकांक्षाला पाठवला. मग पातेलं, गॅस उचलून आम्ही खाली आलो आणि भाड्याच्या खोलीत येऊन झोपलो.

मग मंदी आली.

आधी मिलच्या भट्ट्या एकेक करून थंड झाल्या. ज्यांनी फ्लॅट घ्यायचं ठरवलं होतं ते मागं सरले. बिल्डरचा फोन लागेना. मजूर गावी गेले, क्रेन गेली. कंपनीच्या गाडीतून जाता-येता रोज ती बिल्डिंग दिसायची. वरच्या सळया गंजत चाललेल्या. मी मान वर करून नववा मजला शोधायची आणि माझा जीव तुटायचा.

यांच्या मिलमध्ये एकच शिफ्ट उरली. हे दुपारी घरी यायला लागले. मी सकाळीच भाकरी-भाजी करून झाकून ठेवायची.

संध्याकाळी येऊन बघावं तर... झाकण जसंच्या तसं.

"जेवला न्हाई?"

"भूक न्हाई."

एक दिवस, दोन दिवस, मग रोजच. मिलमधले बाकीचे लोक काळजीनं वाळत चालले होते. आणि हे? यांचे गाल भरले. यांच्या शर्टाला लसणाच्या फोडणीचा वास यायला लागला. लसणाची फोडणी त्या दिवशी माझ्या घरात झालेलीच नसायची.

एकदा तर यांच्या शर्टाचं बटण लावलेलं दिसलं. ते तुटलेलं बटण लावायचं मी कितीतरी दिवस टाळत होते. मी उलटून टाका बघितला. बारीक, घट्ट, शेवटी दुहेरी गाठ.

मी घालते तसाच...

आता तुम्हीच सांगा, नवऱ्याच्या शर्टाचं बटण परक्या बाईनं लावावं, आणि तेही इतकं नीट? माझ्या अंगाची लाही लाही झाली. दुसऱ्या दिवशी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि रिक्षानं यांच्या गाडीच्या मागं निघाले.

वाटलं होतं, हे कुठल्या गल्लीत वळतील. हे सरळ मंठा रोडला लागले आणि शिखर टॉवरच्या गेटातून आत गेले.

गेटाजवळ लिंबाच्या सावलीत वॉचमन बसला होता, कचरू. बिल्डर गेला तरी हा टिकून होता. मला बघून तो चटकन उठला आणि नुसता बघतच राहिला.

"वहिनी, तुमी... तुमी खाली कव्हा आल्या?"

"म्हंजे?"

"आत्ताच तर वर गेल्त्या. मेथीची जुडी होती हातात." तो हसायला लागला, पण ते हसू अर्ध्यातच थांबलं. "रोजच तर येता. दादाच्या आधी तुमी, मंग दादा."

म्हणजे बाई होती. आणि ती माझ्यासारखी दिसत होती.

खरं सांगते, तेव्हा भीती वगैरे काही वाटली नाही. मला वाटलं, या माणसाला शोधायचीच होती तर निदान माझ्याहून देखणी तरी शोधायची! माझ्यासारखीच हवी होती तर मी काय वाईट होते?

मी जिना चढायला लागले.

कठडा नव्हता. गरम वारा आरपार वाहत होता. प्रत्येक मजल्यावर धुळीचा थर, सिमेंटच्या फाटक्या पिशव्या, आणि कबुतरं. पाऊल वाजलं की फडफड करत उडायची.

आठव्या मजल्यापर्यंत कबुतरं होती.

नवव्या मजल्यावर एकही नव्हतं...

आणि धूळही नव्हती. जमीन झाडलेली होती. झाडूचे फराटे दिसत होते.

मी थांबले. घाम पुसला. सगळं गप्प होतं. खालच्या रस्त्यावरच्या ट्रकचे हॉर्नही ऐकू येत नव्हते.

मग... कुकरची शिट्टी झाली.

या बिल्डिंगमध्ये वीज नाही, पाणी नाही, गॅस नाही. शिट्टीमागोमाग वास आला. लसूण आणि मेथी.

मी आमच्या फ्लॅटच्या दारात गेले. दार कसलं, विटांमधली मोकळी जागा.

आत हे बसले होते. मांडी घालून, उघड्या सिमेंटवर. समोर ताट नव्हतं. काहीच नव्हतं. आणि हे जेवत होते. हात जमिनीकडे जायचा, घास केल्यासारखी बोटं जुळायची, तोंडाशी यायची. हे चावत होते. गिळत होते. चेहऱ्यावर इतकं समाधान, की मी ते आमच्या खोलीत कधी बघितलं नव्हतं.

"थोडी वाढ अजून," हे ओट्याच्या दिशेनं म्हणाले. "बिलकुल झकास झाली आज."

भिंतीपलीकडे बांगड्या वाजल्या.

आणि कोणीतरी हसलं...

ते हसणं मी ओळखलं. ते माझं होतं. कंपनीतलं नाही, पाहुण्यांसमोरचं नाही. दूध उतू गेलं त्या दिवशी मी हसले होते, ते. तसं हसणं माझ्या तोंडून नंतर कधी निघालंच नव्हतं.

मग ती बोलली. माझ्याच आवाजात.

"कोन आलंय हो दारात?"

यांनी मान वळवली. माझ्याकडे बघितलं. अगदी सरळ, डोळ्यांत डोळे घालून.

"कोन न्हाई गं," हे म्हणाले, आणि पुन्हा जेवायला लागले.

मी चौदा वर्षं ज्याच्या डब्यात भाकरी बांधली तो माणूस माझ्याकडे बघून म्हणाला, कोन न्हाई. पळून जायचं सोडून मी आत घुसले. मला तिचा चेहरा बघायचा होता. तिच्या झिंज्या धरायच्या होत्या. माझ्या ओट्याशी उभी राहून माझ्या नवऱ्याला वाढणारी ही कोण?

स्वयंपाकघरात कोणी नव्हतं.

कुकर नव्हता, पातेलं नव्हतं. नुसता काळा ओटा. मी त्याच्यावर हात ठेवला आणि लगेच मागं घेतला. ओटा गरम होता. आणि ओला. आत्ताच कोणीतरी पुसून घेतल्यासारखा.

मी यांचा दंड धरून यांना उठवलं आणि अक्षरशः ओढत खाली आणलं. गेटाबाहेर ऊन डोळ्यांवर आलं तसे हे जागे झाल्यासारखे झाले.

"तू इथं कशाला आल्ती? आन् एवढ्या उन्हात?"

आणि ढेकर दिली.

त्याच रविवारी मी यांना घेऊन वाटूरला गेले. सासूबाईंना, सोनूबाईंना, सगळं सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबवून त्यांनी एवढंच विचारलं.

"दूध उतू घातलं त्या दिवशी मंग तिथं निजलं कोन?"

"कोन निजणार, आत्या? दार तरी होतं का?"

"चूल पेटवली की त्या घरात मानसानं ऱ्हावं लागतं, पोरी. रिकामं टाकून येत न्हाईत."

"मंग आता काय करायचं?"

"मला काय म्हाईत," त्या म्हणाल्या. "आमच्यात असं कुनी केलंच न्हाई कधी."

बिनदाराच्या घरात, कबुतरांच्या घाणीत कोण झोपायला जातं? मी त्यांना तसं बोलूनही दाखवलं. त्यांनी पुन्हा तांदूळ पुढे ओढले.

मी कंपनीत सांगून दुपारची पाळी सोडली. यांना रोज समोर बसवून जेवायला घातलं. मेथी केली, लसणाची खमंग फोडणी दिली. हे जेवायचे. मुकाट्यानं, दोन घास कमीच. गाल पुन्हा बसले. हे परत तिकडे गेले नाहीत, एवढं मला माहीत आहे, कारण मी नजर हटू दिली नाही.

पण एकदा ताटावरून उठताना यांनी विचारलं, "नंदा, तू हसत का न्हाई गं?"

माझ्या हातातलं उलथनं तसंच राहिलं. यांनी कुणाशी तुलना केली ते न समजायला मी दूधखुळी नाही.

दिवाळीनंतर बाजार सावरला. मिलच्या भट्ट्या पेटल्या. शिखर टॉवर दुसऱ्या कुणीतरी विकत घेतला आणि काम सुरू झालं. लिफ्ट बसली. मी फरशी पसंत करायला म्हणून साइटच्या ऑफिसात गेले, तर तिथला माणूस गोंधळला.

"मॅडम, ते तर झालं ना. परवाच येऊन तुम्ही सांगून गेलात."

मी गेलेच नव्हते.

त्यानं मला वर नेऊन दाखवलं. स्वयंपाकघराच्या भिंतीला टाइल्स लागल्या होत्या. पिस्ता रंग, खाली बारीक पांढरी वेल. सगळ्या दुकानांत फिरून मी ज्या निवडल्या असत्या, नेमक्या त्याच. मला त्यांच्यात एकही खोट काढता आली नाही, याचाच जास्त संताप आला.

गेल्या आठवड्यात ताब्याची तारीख कळली. आकांक्षाचा फोन आला. "ताई, नवव्या मजल्यावरनं सगळं जालना दिसत असंल न्हाई? आमचं आपलं खालीच." तिच्या आवाजात तो कडवटपणा होता. तो ऐकायची मी किती वर्षं वाट बघितली होती! आणि आला तेव्हा मला त्याची चव लागली नाही.

संध्याकाळी यांना सांगितलं. म्हटलं, पुढच्या महिन्यात चावी.

यांनी घास खाली ठेवला. मग हळूच म्हणाले,

"मंग ती कुठं जाईल?"

मी म्हटलं, "कोन?"

यांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्या फसलेल्या बाळंतपणात मी चार दिवस दवाखान्यात तडफडत होते, तेव्हाही यांच्या डोळ्यांत मी ते बघितलं नव्हतं.

लोक म्हणतात शांती करून घे, पूजा घाल, कुणाला तरी दाखव. घालीन. सामानही बांधायला काढलंय. भीती मला तिची वाटत नाही. घर माझं आहे, ओटा माझा आहे, ती काय करणार माझं?

पण नवव्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटमध्ये आम्हा दोघींपैकी एकीलाच राहता येणार असेल, तर हा माणूस कुणाला ठेवून घेईल, हे मला कुणी सांगायची गरज नाही.