दोन डावे पंख

१

"मॅडम, हे दोन्ही डावेच हायत."

काउंटरमागचा पोरगा माझ्याशी बोलला, ते हे पहिलं वाक्य. 'या' नाही, 'काय हवंय' नाही. थेट हे!

फेब्रुवारी १९९३. गुरुवार, सकाळचे अकरा. टपाल नाक्याजवळचं नकाशे छापायचं दुकान, आत अमोनियाचा नाकाला झोंबणारा वास. मी काउंटरवर कृष्णकांत सरांचं ट्रेसिंग ठेवलं होतं — मॉडेल विमानाचा नकाशा, त्यांनी स्वतः पारदर्शक कागदावर काढलेला. त्याची एक नवी प्रत हवी होती, बस्स. पर्समध्ये रुमाल शोधताना बगलेतली वर्तमानपत्राची गुंडाळी सुटली आणि माझे दोन पंख काउंटरवर आले. बाल्साच्या हलक्या लाकडाचे, हातभर लांब, अजून कागद न चढवलेले. नुसत्या फासळ्या.

"दोन्ही डावे कसे असतील? एक डावा, एक उजवा."

"जोडून दाखवा."

दाखवले.

...

परत दाखवले. एक पंख पालथा केला, तर फुगीर पाठ खाली गेली. नुसता फिरवला, तर पुढची जाड कड मागे गेली. तिसरा मार्ग नव्हता. मी सगळ्या बाजूंनी शोधला, तो नव्हताच!

डोळ्यांत पाणी आलं.

"रडू नका ओ."

"अमोनिया आहे तो."

"मी रोज बसतो हितं. अमोनियाचं पाणी वेगळं असतं."

२

मी रुचिरा. टी. वाय. बी. एस्सी., वय एकवीस. कॉलेजात एन. सी. सी.च्या हवाई तुकडीत होते, तिथेच कृष्णकांत सर भेटले आणि विमानाचं वेड लागलं.

सर सोमवारी पनवेल सोडून मुलीकडे नाशिकला चालले होते, कायमचे. त्यांच्याकडे रेडिओचा संच होता. हातात धरायची पेटी, तिला दोन दांड्या. दांडी इकडे हलवली की तिकडे आभाळात विमान वळतं. सर म्हणाले होते, "पोरी, रविवारी स्वतः बनवलेलं विमान एक पूर्ण फेरी उडवून नीट उतरव. संच तुझा. नाहीतर तो माझ्याबरोबर नाशिकला."

आणि माझ्याकडे दोन डावे पंख.

चूक कशी झाली? नकाशात एकच पंख काढलेला होता, डावा. कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलेलं — 'उजवा याच्या उलट'. मी ते वाचलंच नाही. पहिला पंख नकाशावर टाचण्या लावून चिकटवला, सुकल्यावर उचलला, आणि त्याच नकाशावर, तितक्याच प्रेमाने... दुसराही.

३

"उलटा नकाशा पायजे ना? देतो की." त्याने सरांचं ट्रेसिंग पालथं घातलं आणि मशिनमध्ये सरकवलं.

"अहो, पालथं गेलं ते!"

"म्हणूनच. ह्या चुकीवरनं मालकाच्या शिव्या खाल्ल्यात मी. एका बिल्डरची आख्खी बिल्डिंग अशी उलटी छापली होती. जिना डावीकडचा उजवीकडं, संडास देवघराच्या जागी."

मी हसले. रडता रडता हसणं फार वाईट दिसतं, हे मला माहीत होतं. तो बघत होता, हेही.

मशिनमधून ओलसर, जांभळ्या रेघांचा कागद बाहेर आला. त्यावर उजवा पंख. खराखुरा उजवा!

"नाव काय तुमचं?"

"धर्मराज."

"मग खरं सांगा. रविवारपर्यंत जमेल?"

"लाकूड हाय का दुसरं?"

"नाही. मुंबईहून यायला आठ दिवस लागतात."

"मग ह्योच पंख सोडवायचा. कशानं चिकटवलाय?"

"फेव्हिकॉल."

तो उठलाच. "चला. गोदूबाईकडं."

४

गोदूबाईची चहाची गाडी दुकानाच्या पायरीशीच होती. धर्मराजने तिच्या किटलीच्या तोंडाशी पंख धरला. वाफेने गोंद मऊ पडायचा. पांढरा, चिकट, दुधावरच्या सायीसारखा. मग मी ब्लेडचं टोक सांध्यात घालून फासळी हळूच सोडवायची.

गोदूबाई म्हणाली, "धर्मा, चा उकळतोय का लाकूड?"

"मावशे, इमान हाय ते."

"इमान? आनि ही कोन?"

"पायलट."

पायलट! माझे कान तापले. वाफेनेच असावेत.

एक फासळी सुटली. दुसरी. त्याची बोटं भाजत होती, तरी तो पंख हलू देत नव्हता. तिसरी. चौथी. आमची डोकी इतकी जवळ आली होती की त्याचा श्वास वाफेत मिसळलेला दिसत होता, आणि मी मोजत होते फासळ्या. फक्त फासळ्या! पाचवी...

५

(तुटली.)

६

"आता?"

तो धावत दुकानात गेला आणि लग्नपत्रिकांच्या नमुन्यांची वही घेऊन आला. सगळ्यात जाड पत्रिका उपटली, दुमडून चिकटवली आणि तुटलेली फासळी वर ठेवून कात्रीने कापली. बाल्साहून जड, पण ताठ.

"कुणाची पत्रिका आहे?"

"नमुना हाय. नावाची जागा कोरी सोडलेली असते."

"अच्छा."

"हां."

गोदूबाईने न मागता दोन चहा ठेवले.

शुक्रवार : उलट्या नकाशावर पंख पुन्हा उभा.
शनिवार : कागद चढवला, लाख लावली, सुकला. इंजिन बसवलेलं धड घरी तयारच होतं, त्याला दोन्ही पंख जोडले.
शुक्रवार, शनिवार : मी दुकानात अनुक्रमे तीन आणि चार वेळा गेले. नकाशाची एकही प्रत काढायची नव्हती.

७

रविवार. बेलपाड्याला धर्मराजच्या घरचं शेत, भात कापून झालेलं, सपाट. सर खुर्चीवर. मी पेटी गळ्यात अडकवून उभी. इंजिन सुरू झालं — टर्रर्र! इंधनातल्या जळक्या एरंडेलाचा वास, बांधावरचे बगळे उडाले, आणि धर्मराज विमान डोक्यावर धरून पळत सुटला.

"सोडू?"

"सोडा!"

सोडलं.

खाली... खाली... आणि वर! वर!! माझं विमान वर!

पत्रिकेच्या फासळीमुळे ते उजवीकडे कलत होतं. मी दांडी जराशी डावीकडे दाबून धरली, सरळ झालं. धर्मराज धापा टाकत येऊन शेजारी उभा राहिला.

"रुचिरा."

पहिल्यांदा नावाने! पण मी मान वळवू शकत नव्हते. क्षणभर नजर हटली की विमान गेलं.

"माझ्याकडं बघू नका," तो म्हणाला. "म्हंजे तुमी बघूच शकत नाय आता. म्हणून बोलतो. एरवी नाय जमायचं मला."

विमान बांधाच्या पलीकडे वळलं. अर्धी फेरी.

"उद्यापासून तुमी दुकानात यायचं कारण संपलं. आनि मला... मला ते चालनार नाय. तुमी मला आवडता. लय."

तेवढ्यात इंजिन बंद पडलं.

फट्ट. शांतता. आभाळात नुसतं एक कागदी पाखरू, तरंगत, खाली येत.

"रुचिरा, मी काय म्हणतो—"

"गप्प!"

तो दोन पावलं मागे सरकल्याचं मला ऐकू आलं. काय समजायचं ते समजला असेल... पण मला ते आता सांगता येत नव्हतं! वळण अजून पूर्ण व्हायचं होतं. नाक जरा खाली. वेग ठेव. ठेव. बांध जवळ येतोय... आता वर, थोडंसंच... बांध चाकांखालून गेला... पेंढा... धूळ...

टेकलं.

दोनदा उडी मारून सरांच्या खुर्चीपासून दहा पावलांवर थांबलं. अख्खं!

सर उठले, विमानाभोवती फिरले, उजव्या पंखावरून बोट फिरवलं. "हा पंख दोनदा बांधलायस ना?"

"हो, सर."

"बरं केलंस. संच घरी ने." आणि चष्मा पुसत ते बांधाकडे चालू लागले.

मी वळले. धर्मराज खाली मान घालून उभा होता.

"पुन्हा म्हण," मी म्हणाले.

"काय?"

"मघाचं. तेव्हा मी विमान उतरवत होते. अर्धंच ऐकलं."

"पर तुमी गप्प म्हणालात."

"गप्प म्हणाले. नाही म्हणाले का?"

त्याने माझ्याकडे बघितलं. तोंड उघडलं. मिटलं. कानापर्यंत लाल झाला. परत उघडलं... छे! एक शब्द फुटेना.

मग मी त्याच्याकडे पाठ केली, मान वर केली आणि आभाळाकडे डोळे लावले.

"हं. बोल आता. मी बघत नाहीये."

वर काहीच नव्हतं. विमान नाही, बगळे नाहीत, ढगसुद्धा नाही. तरी मी बघत राहिले.

तो बोलला. या वेळी सगळं. आणि 'तू' म्हणून.