तक्रार नाही

सकाळी आठ वाजता नंदिता फोन लावायची. चेन्नईत गिंडीच्या औद्योगिक वसाहतीला लागून एक चार मजली इमारत आहे. तिच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फायलींच्या खोलीत ती बसायची. खोलीला खिडकी नव्हती. छतावरचा पंखा दर तिसऱ्या फेऱ्याला एकदा ‘टक्’ करायचा, आणि त्या टक्‌टकीची इतकी सवय झाली होती की रविवारी घरी तिला कान रिकामे वाटत.

कर्करोगावरच्या एका नव्या गोळीची चाचणी चालली होती. गोळीला अजून नाव मिळालेलं नव्हतं, नुसता आकडा होता. चौदा दिवस सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर एकेक घ्यायची, सात दिवस विश्रांती, की पुन्हा तेच. प्रत्येक पेशंटला एक करडी वही दिली जाई. गोळी घेतली का, काय त्रास झाला, ते त्यानं स्वतः, आपल्या हातानं, ज्या दिवशीचं त्या दिवशी लिहायचं. नियमच होता तसा.

सतरा नंबरची वही मात्र नंदिताच्या खणात असायची.

सतरा नंबर म्हणजे सईबाई. सैदापेटला राहायच्या. वय सदुसष्ट, पोटात आतड्याची गाठ. तीनशे वर्षांपूर्वी तंजावरला आलेल्या मराठी घराण्यातल्या. संमतीपत्रावर सही करताना हात इतका थरथरला की शेवटी अंगठाच घेतला. वही कोण लिहिणार? मुलगा जनकोजी पहाटेच लेथवर कामाला जायचा. तेव्हा नंदिताच म्हणाली, “मामी, मी रोज फोन करते. तुम्ही सांगा, मी लिहिते.”

तिला त्या बोलण्याचा लळा लागला होता, हे खरं. तिचे वडील साताऱ्याकडचे, चेन्नईजवळच्या आवडी गावी कारखान्यात नोकरीला आलेले. तिचं मराठी घराच्या उंबऱ्याबाहेर कधी पडलंच नाही. आणि इकडे ही बाई, जुन्या लुगड्याच्या घडीतून काढावी तशी एकेक शब्द काढायची.

“मामी, जेवण झालं? गोळी घेतली? तोंड आलंय का?” तीन प्रश्न, रोजचे तेच.

“इडली खाल्ली एक. पोदुम. पुरे झालं गे बाय.”

आणि मग ओवी. सईबाईंच्या घरात एक रीत होती. देवापुढं दिवा लागल्यावर दुखण्याचं नाव तोंडानं काढायचं नाही. काढायचंच झालं तर गाऊन काढायचं. गाण्यातलं दुखणं देवाला लागत नाही म्हणे. त्या फोनवर गायच्या, फुटक्या भांड्यासारख्या, तरी सुरात:

*जिभेवर माझ्या आली लोखंडाची चव,*
*पानात वाढिलं तरी अन्न घेईना नाव.*

नंदिताला ओवी आवडली. तिनं ती पाठ केली. आणि वहीत लिहिलं: तक्रार नाही.

पहिल्यांदा तिनं लिहिलं होतं खरं तेच. डॉक्टर प्राणेश यांनी ते पान वाचलं आणि चष्मा कपाळावर चढवला. “तोंड आलं, तळपाय सोलले. तू असं लिहिलंस तर मला गोळी थांबवावी लागेल. डोस कमी करावा लागेल. आधीच तीन पेशंट गळलेत. म्हातारी माणसं कुरकुरतात गं. त्या काय म्हणाल्या तुला? दुखतं म्हणाल्या?”

“गायल्या,” नंदिता म्हणाली.

“गायल्या! गाणाऱ्या बाईला काय झालंय?” ते मोठ्यानं हसले. तीही हसली. हसण्यातच ते पान फाटलं आणि नवं लिहिलं गेलं.

दुसऱ्या फेरीत सईबाईंनी एक गंमत सांगितली. रेशनच्या दुकानात गेल्या तर अंगठ्याचं यंत्र त्यांना ओळखेना. “चार वेळां दाबिला. दुकानदार म्हणतो, पाटी, आजी गे, बोटावर रेषाच नाहीत तुझ्या. यंत्र म्हणतं, मी नाहीच! सांग गे, नाही त्या बाईला तांदूळ कोण देतं?” दोघी खूप हसल्या. या जातीच्या औषधांनी कातडी सोलवटते आणि ठसे पुसले जातात, हे नंदिताला ठाऊक होतं. माहितीपुस्तकात सत्तेचाळिसाव्या पानावर होतं ते. तिनं लिहिलं: तक्रार नाही.

तिसऱ्या फेरीतल्या एका शुक्रवारची ओवी अशी होती:

*तळपायी निखारा, उंबरा झाला दूर,*
*लिहितेस तू लेकी, ऐकितेस का सूर?*

“ऐकते ना मामी,” नंदिता म्हणाली. तिचं अर्धं लक्ष घड्याळाकडे होतं. चुलतबहिणीचा साखरपुडा होता, शनिवारी टी. नगरला साड्या घ्यायच्या होत्या, रविवारी कार्यक्रम. दोन दिवस फोन व्हायचा नव्हता. मग तिनं शुक्रवारीच शनिवारची ओळ लिहिली. सकाळची गोळी घेतली, संध्याकाळची घेतली, तक्रार नाही. खाली रविवारची. शाई वेगळी दिसावी म्हणून पेनही बदललं. हे काही ती एकटीच करत नव्हती. सुट्टीच्या आधी सगळेच करायचे.

शनिवारी पहाटे सहाला सईबाई गेल्या. तीन दिवस जुलाब थांबत नव्हते. अंगातलं पाणी संपलं होतं.

सोमवारी दहाला जनकोजी आला. डोकं भादरलेलं. हातात कापडी पिशवी, पिशवीत गोळ्यांचा खोका. वापरलेली-उरलेली पाकिटं परत करायची असतात, हे त्या माणसाच्या अशा दिवशीही लक्षात होतं.

“ताई,” तो खुर्चीच्या कडेला टेकत म्हणाला, “एक विचारू? आईचं तोंड आतून फुटलं होतं. पाणी गिळताना रडायची. तुम्हाला रोज सांगत होती ना फोनवर? मला म्हणायची, त्या पोरीला सगळं सांगते, ती लिहून घेते, ते डॉक्टरला कळतं. मग डॉक्टरांनी गोळी बंद का केली नाही?”

पंखा टक्‌कन वाजला.

“नाही हो,” नंदिता म्हणाली. “तसं काही बोलल्या नाहीत त्या.”

त्यानं पिशवीतून खोका काढला. “सरि,” म्हणाला. बरं, एवढंच. उठताना त्यानं खोका पुढं सरकवला. “शनिवारची सकाळची घ्यायच्या आधीच गेली. पुढच्या तशाच असतील. देवघराच्या फडताळात होता खोका, कुणी हात लावला नाही.”

तो गेल्यावर तिनं पाकिटं बाहेर काढली. त्यावर तारखा छापलेल्या असतात, प्रत्येक फुगीर खोबणीखाली एक. शुक्रवार सकाळ, रिकामी. शुक्रवार संध्याकाळ, रिकामी.

शनिवार सकाळ, रिकामी. संध्याकाळ, रिकामी. रविवारच्या दोन्ही रिकाम्या. मागचा चंदेरी पापुद्रा अंगठ्यानं फोडावा तसा आतून बाहेर फुटलेला. सोमवारपासून पुढच्या गोळ्या जागच्या जागी होत्या.

तिनं वही उघडली. वहीत लिहिल्या होत्या तेवढ्याच गोळ्या गेल्या होत्या. ना एक कमी, ना एक जास्त.

जनकोजीला फोन करून विचारावं असं वाटलं. पण विचारायचं काय?

डॉक्टर प्राणेश यांनी मोजणी पाहिली आणि पहिल्यांदाच त्यांचे खांदे सैल पडले. “जुळतंय की सगळं. बाई व्यवस्थित होती, गोळी सोसत होती. मूळ आजारानं गेली. तसंच कळवू.”

“डॉक्टर, त्या शनिवारी पहाटे गेल्या. रविवारची गोळी...”

“मग ती ओळ तू कधी लिहिलीस?” त्यांनी शांतपणे विचारलं.

तिनं वही त्यांच्यासमोरून ओढून घेतली.

“गुरुवारी कंपनीचा माणूस तपासणीला येतोय. शनि-रविवारच्या ओळी खोड, मृत्यू लिही. बाकीची वही चांगली आहे. तिला हात लावू नकोस. आणि पुढच्या सोमवारी उमाकांतना पहिला खोका द्यायचाय, हाच डोस. विसरू नकोस.”

उमाकांत बँकेतून निवृत्त झालेले. संमतीपत्र वाचताना प्रत्येक पानावर ‘थँक्यू’ म्हणाले होते.

चूक दुरुस्त करायची पद्धत साधी असते. एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी खरं ते लिहायचं, सही, तारीख. बुधवारी संध्याकाळपर्यंत ती पेन धरून बसली. शनि-रविवार तिनं खोडले. ते सोपं होतं, बाई मेलीच होती. मग मागं मागं गेली. ‘तक्रार नाही’, सदतीस वेळा. प्रत्येक ओळीवर एक रेघ, शेजारी एक ओवी. तेवढं केलं असतं तर गोळी थांबली असती, उमाकांतांचा खोका कपाटात राहिला असता. आणि तिची नोकरी गेली असती. तिची एकटीचीच. डॉक्टरांची सही वहीत कुठंच नव्हती.

तिनं वही मिटली. गुरुवारी तपासणारा आला, पानं चाळली, दोन ओळींना सुट्टीतली गफलत म्हणाला. बाकीच्या अक्षराचं त्यानं कौतुक केलं.

त्याच दुपारी कॉफी लोखंडासारखी लागली.

तिला वाटलं, फिल्टर बदलला असेल. कीर्तीला, शेजारच्या टेबलावरच्या मुलीला, चव घ्यायला लावली. “नेहमीचीच आहे गं,” कीर्ती म्हणाली. रात्री रसम लोखंडी लागलं, सकाळी दातांवरचं पाणीसुद्धा. शुक्रवारी चपला चावायला लागल्या. पाहिलं तर तळपाय लालबुंद, उन्हात तापल्या फरशीवरून चालल्यासारखे. खालच्या ओठाच्या आत पांढरे फोड होते, तीन.

शनिवारी हजेरीच्या यंत्रानं तिचा अंगठा घेतला नाही.

“पुन्हा ठेव,” मागून कीर्ती म्हणाली. पुन्हा ठेवला. लाल दिवा. पुसून ठेवला, दुसरा ठेवला. लाल. कीर्तीनं तिचा हात धरून उजेडाकडे वळवला आणि मग हळूच सोडून दिला.

“काय गं?”

“काही नाही. क्रीम लावतेस का कसलं?”

नंदितानं शिक्क्याची शाई अंगठ्याला लावली आणि कोऱ्या कागदावर दाबला. निळा गोल उमटला. भिजवून सोललेल्या बदामासारखा गुळगुळीत.

त्या दिवशी ती वेळेआधी घरी गेली. जाताना सतरा नंबरची वही कपाटात बंद केली, कुलूप ओढून पाहिलं. लोकलमध्ये मनाशी ठरवत होती: सोमवारी लवकर यायचं. उमाकांत यायच्या आत सदतीस रेघा मारायच्या. काय व्हायचं ते होवो.

रविवारी तिला उठवेना. घसा मिटत आला होता. आईनं दिवा लावून पेज आणून ठेवली, उंबऱ्यापर्यंत गेली आणि परत येऊन तिच्या कपाळावर हात ठेवला. “डॉक्टरला सांगूया का गं?” म्हणाली. नंदितानं नको म्हणून मान हलवली, तेवढ्यानंही तोंडात रक्ताची चव आली. आई देवळात गेली.

बरोबर आठ वाजता मोबाईल वाजला. ऑफिसचा नंबर. फायलींच्या खोलीतला.

रविवारी तिथं कुणी नसतं. खालचं दार बंद असतं, किल्ली रखवालदाराकडे.

तिनं फोन कानाला लावला. पंखा ऐकू आला. एक फेरा, दोन फेरे, टक्.

“मामी,” एक बाई म्हणाली. आवाज तरुण होता, घाईतला, प्रेमळ. “जेवण झालं? गोळी घेतली? तोंड आलंय का?”

नंदिता चौतीस वर्षांची होती. तिला आजवर कुणी मामी म्हटलं नव्हतं. आवाज मात्र ओळखीचा होता. फोनवर स्वतःचा आवाज माणसाला नेहमी जरा परका वाटतो, तेवढाच परका.

तिला सगळं सांगायचं होतं. तळपाय, फोड, अंगठा. सदतीस ओळी. जीभ टाळूला चिकटली होती. ती नेटानं उचलली, आणि तोंडातून शब्द नाही आले. देवघरात दिवा जळत होता. घशातून एक फुटका, लांबट सूर निघाला.

पलीकडे कागदावर पेन चाललं.

“छान गाता हो मामी,” ती म्हणाली. “तक्रार नाही, असं लिहिते. आणि मी दोन दिवस नाहीये ना, तर उद्या-परवाचंही आजच लिहून टाकते.”