कागद डावीकडे ठेवता का?

मंगळवारी सकाळी राखीची मान डावीकडे वळेचना.

उजवीकडे वळत होती, खाली होत होती. पण डावीकडे न्यायला गेलं की मानेतून खांद्यापर्यंत अशी कळ जाई, की डोळ्यांपुढे काजवे चमकत. तरी ती कामावर निघाली. सुट्टी घेतली तर कंत्राटदार आपल्या जागी दुसरी मुलगी बसवेल, ही धास्ती त्या कळेपेक्षा मोठी होती. तांड्याच्या फाट्यावर दिग्रसहून दारव्ह्याला जाणारी काळीपिवळी जीप थांबली. मधल्या सीटवर एकच जागा होती. ती अंग चोरून बसली.

"बॅग जराशी घेता का तिकडे?" डावीकडून आवाज आला.

तिनं समोर पाहतच बॅग घेतली.

"रागावल्या का?"

"नाही."

"मंग पाहून काहून नाही राह्यल्या इकडे?"

सवयीनं तिनं मान वळवली… आणि "याडी गं—" असा आईचा धावा करून जागीच गोठली.

तो माणूस हळूच म्हणाला, "असं होय. कॉम्प्युटरवर बसता?"

"हाव."

"कागद पाहून टाइप करता?"

"हाव."

"कागद डावीकडे ठेवता का?"

राखीला वाटलं, हा ज्योतिषी तर नाही? आठ महिने झाले, ती जन्म-मृत्यूची जुनी रजिस्टरं कॉम्प्युटरवर उतरवत होती. जाडजूड रजिस्टर डाव्या हाताला आडवं पडलेलं, पडदा समोर. आठ तास मान खाली, डावीकडे. पुन्हा वर, समोर. पुन्हा खाली, डावीकडे…

"तुम्ही डॉक्टर हाय का?"

"छे हो. टायपिंग शिकवतो. वडलांचा क्लास आहे दारव्ह्यात, पोस्टाच्या मागं. मान मोकळी झाली की या एक दिवस. आज नका येऊ, जिना चढवणार नाही."

दारव्हा आलं. तो डाव्या दारानं उतरला, ती उजव्या. चेहरा काही दिसलाच नाही. दिसले होते ते फक्त हात. मांडीवर दोन नवे कीबोर्ड धरलेले, सरळ बोटांचे, नखं बारीक कापलेले. आणि सबंध दिवसभर ते हात काही तिच्या डोळ्यांपुढून हलले नाहीत…

पण खरी काळजी मानेची नव्हतीच.

राखीनं लिपिकाच्या जागेसाठी लेखी परीक्षा दिली होती आणि तिचं नाव यादीत लागलं होतं. आता तीन आठवड्यांनी यवतमाळला टायपिंगची परीक्षा. दहा मिनिटं, मिनिटाला तीस शब्द. घरी आईनं, रुपीबाईनं, रोखठोक सांगून ठेवलं होतं, "नौकरी लागली त तुया मनासारखं करजो. नाही लागली त माघात सोयरीक. पूनमसिंगचा पोरगा थांबला हाये." आणि गेल्या महिन्यापासून राखीच्या डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होत होतं. मुंग्या येत. कधी कधी बोट कीबोर्डच्या कळीवर पडलं की नाही, हेसुद्धा कळत नसे. तिनं हे कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगितलं तर डॉक्टरकडे नेतील. डॉक्टर म्हणेल, टायपिंग बंद. मग काय राहिलं?

शुक्रवारी मान सैल झाली, तशी ती पोस्टामागचा जिना चढली.

खोलीत सहा कॉम्प्युटर होते. कोपऱ्यात, खिडकीपाशी, गळ्यात पट्टा घातलेले एक म्हातारे गृहस्थ ताठ बसले होते. ते नीळकंठ सर, क्लास त्यांचा. आणि त्यांच्या शेजारी उभा राहून एक उंच, जरासा वाकडं हसणारा मुलगा तिच्याकडे बघत होता.

"ओळखलं का?" त्यानं विचारलं.

"हातावरून," राखी बोलून गेली, आणि कानाच्या पाळीपर्यंत लाल झाली.

त्याचं नाव सलील. त्यानं आधी काही शिकवलंच नाही, नुसतं बसायला लावलं. मग पडद्याखाली जुन्या वह्यांचा गठ्ठा सरकवला. पडद्याची वरची कड तिच्या डोळ्यांच्या रेषेत आली. पायाखाली वीट दिली. कमरेमागं टॉवेलची गुंडाळी. आणि कपाटातून लाकडाची एक उभी पाटी काढली, टाइपरायटरच्या काळातली, कागद अडकवायची. ती पडद्याला अगदी खेटून ठेवली.

"आता कागद तुमच्या समोर येईल. तुम्ही त्याच्या मागं जायचं नाही."

"कोपर," खिडकीतून नीळकंठ सर म्हणाले. "कोपर टेबलाच्या उंचीला. खांदे खाली. खांदे कशाला उचलता, पाऊस पडून राह्यला का?"

राखीला हसू आलं.

"अन् हनुवटी सरळ मागं घ्यायची. अशी," सलीलनं करून दाखवलं. "दहा वेळा. नको असलेलं स्थळ दाखवल्यावर मुलगी कशी मागं सरकते, तशी."

"मले चांगलं जमते थे," राखी म्हणाली.

सलीलनं पाटीवरचा कागद उगीचच दोनदा सारखा केला.

ती पाटी तो तिला घेऊन जा म्हणाला. ऑफिसात तिनं रजिस्टर त्यावर उभं केलं. जाड रजिस्टरं मावत नव्हती, त्यांची ती मोबाइलवर फोटो काढून प्रिंट घेई. पाण्याची बाटली मुद्दाम लांबच्या खिडकीत ठेवली. आणि दर अर्ध्या तासाला मोबाइल थरथरे. सलीलचा एकच शब्द असे — उठा.

ती उठे. खिडकीपाशी जाई, घोटभर पाणी पिई, खांदे गोल फिरवी. खाली रस्त्यावरून कापसाच्या गाड्या जिनिंगकडे जात, त्यातला एखादा पुंजका उडत वर येई, खिडकीच्या गजाला अडकून राही. मग ती उत्तर पाठवी — उठली. कधी नुसतं — हो, बाप्पा. संध्याकाळी क्लासमध्ये तासभर सराव. आठवड्यात मान वळू लागली, वेग अठ्ठावीसवर आला. आणि घरी जाताना जीपमध्ये ती आपल्याशीच हसू लागली, नि लगेच घाबरून ओठ मिटू लागली. तांड्यावर अशा हसण्याला पाय फुटायला वेळ लागत नाही.

बोटं मात्र सुधारेनात.

सोमवारी नीळकंठ सरांच्या पत्नी शुभदाबाईंनी सगळ्यांना चहा दिला. राखीनं डाव्या हातानं ग्लास घेतला आणि तो घेतल्याघेतल्याच निसटला. फरशीवर काचा, चहा. मुली पुढे धावल्या. सलील मात्र जागचा हलला नाही. तो तिच्या हाताकडे बघत होता आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

सगळ्या गेल्यावर त्यानं विचारलं, "किती दिवसांपासून?"

"काय किती दिवसापासून? सटकला ग्लास."

"राखी. किती दिवस?"

त्यानं पहिल्यांदाच तिला नुसत्या नावानं हाक मारली होती. दुसऱ्या कुठल्या दिवशी ती या हाकेवर रात्रभर जागली असती.

"सव्वा महिना," ती म्हणाली.

"उद्याच डॉक्टरकडे जा. विटा, टॉवेल, पाट्या… मले तेवढंच येते. बोटं बधिर होणं माह्या हातातलं नाही."

"परीक्षा होऊ द्या. मंग जाते."

"बाबांनी असंच म्हटलं होतं." तो खिडकीकडे बघत म्हणाला. खिडकीतली खुर्ची रिकामी होती. "परीक्षेचा हंगाम संपू द्या, मग दाखवतो. दोन हंगाम गेले. ऑपरेशन झालं तोवर बोटातली ताकद गेली होती. मिनिटाला साठ शब्द टाइप करायचा माणूस… आता शर्टाची बटनं आई लावून देते."

राखीनं आपली करंगळी मुठीत दाबून धरली. आणि भीतीचा राग व्हायला कितीसा वेळ लागतो?

"तुम्हाले बोलाले काय जाते? डॉक्टर टाइप करू नको म्हणन. मंग माघात मले कुठी देतीन ते तुम्ही पाहाल का येऊन?"

ती बॅग उचलून तरातरा जिना उतरली.

मंगळवारी मोबाइल थरथरला नाही. बुधवारीही नाही. गुरुवारी, शुक्रवारी… ती अर्ध्या तासाला आपोआप उठे, खिडकीपाशी जाई आणि तिथं तिला रडू येई. बरं, आपणच लिहावं तर काय लिहावं? दोनदा लिहून तिनं पुसून टाकलं.

शनिवारी सकाळी ती वेणी घालायला बसली आणि तीन पेडांतला एक पेड बोटांत धरवेचना. पुन्हा धरला, पुन्हा सुटला. मागून रुपीबाईनं केस हातात घेतले. न बोलता वेणी घातली, गाठ मारली. मग लेकीचा डावा हात ओढून मांडीवर घेतला आणि एकेक बोट दाबून पाहिलं.

"ह्या बोटाले कळून राह्यलं का?"

राखीनं हात ओढून घ्यायला पाहिलं.

"छोरी, म्या इचारलं."

"…कमी कळते."

राखीला वाटलं, आता सुरू होईल. पोरीच्या जातीला असला आजार, पूनमसिंगच्या घरी कळलं तर काय. रुपीबाईनं पदर खोचला. "सोयरीक गेली खड्ड्यात. चप्पल घाल."

"कुठी?"

"यवतमाळले. डॉक्टरले दाखवाले."

यवतमाळच्या डॉक्टरांनी हातावर छोटी हातोडी मारून पाहिली, बोटांना टाचणी टोचली, मानेचे फोटो काढायला लावले. फोटो येईपर्यंतचा तो एक तास राखीला आठ महिन्यांहून लांब वाटला. रुपीबाई तिचा तो बधिर हात धरून बसून होती.

"शीर दबलेली नाही, चिडलेली आहे," डॉक्टर म्हणाले. "ऑपरेशन लागणार नाही. वेळेवर आलात. व्यायाम शिकवतील ते रोज करायचे. ताकद कमी झाली असं वाटलं तर लगेच परत यायचं."

"अन् टायपिंग?" राखीनं विचारलं.

"वीस मिनिटांच्या वर एका बैठकीत नको. परीक्षा देऊ शकता."

ती ढसाढसा रडली. डॉक्टर बिचारे गोंधळले. येताना बसमध्ये रुपीबाईनं सहज विचारलं, "पाठीमागं टॉवेल, पायाखाली वीट. घरी जेवतानाबी ताठ बसतं तू आताशा. कोण शिकवलं?"

"क्लासमधल्या सरांनी."

"म्हातारे हाये का सर?"

राखी खिडकीबाहेर बघू लागली. "…म्हातारेबी हाये."



सोमवारी ती क्लासचा जिना चढली. सलील एकटाच होता. तिनं डॉक्टरांचा कागद त्याच्यापुढे ठेवला. त्यानं तो वाचला, पुन्हा वाचला आणि खुर्चीत मागं टेकून डोळे मिटले.

"मी मेसेज करत नव्हतो," तो म्हणाला, "कारण वाटलं… माह्या सांगण्यानं तुमचं काही मोडलं तर? रोज वाटायचं, त्या फाट्यावर येऊन उभं राहावं. मग वाटायचं, तांड्यातले लोक काय म्हणतील तुम्हाले."

"म्या काय म्हणीन, थे नाही वाटलं?"

"थेच त सर्वात जास्त वाटलं."

मग उठून त्यानं तिच्या खुर्चीला टॉवेलची गुंडाळी लावली…

परीक्षेचा दिवस उजाडला. हॉलमध्ये गेल्यावर राखी जागीच थबकली. टेबल उंच, खुर्ची बुटकी, पडदा पार खाली, प्रश्नाचा कागद डाव्या हाताला आडवा पडलेला. म्हणजे सगळं पुन्हा तेच. आजूबाजूच्या मुली मुकाट बसल्या होत्या. तीही आजवर मुकाटच बसत आली होती. पर्यवेक्षक घड्याळ पाहत होते. आता बोललं तर बाहेर काढतील का? नाही बोललं तर…

तिनं हात वर केला.

"सर, मले उंच खुर्ची पायजे. अन् कागद टेकवाले काही तरी."

"इथं काय लग्नाचा मांडव आहे, पायजे ते मागायला?"

चारजण हसले. तरी राखी उठून उभी राहिली. "माह्या मानेचा इलाज चालू हाये, सर. डॉक्टरचा कागद हाय." तिनं तो पुढे केला. पर्यवेक्षकांनी तो वाचला, तिच्याकडे पाहिलं आणि पुटपुटत स्वतःची खुर्ची तिच्याकडे ढकलली. कागद तिनं फाइलच्या पुठ्ठ्यावर उभा केला. मागच्या रांगेतल्या मुलीनंही मग हळूच हात वर केला.

सातव्या मिनिटाला करंगळीत मुंग्या आल्या. तिनं खांदे खाली सोडले, श्वास सोडला आणि वेग जरासा उतरवला. घंटा झाली तेव्हा शेवटचा शब्द पुरा झाला होता. चुका किती, देव जाणे.

फाटकाबाहेर सलील उभा होता. दारव्ह्याहून आला होता, न सांगता.

"कसा गेला?" त्यानं विचारलं.

"निकालाले पंधरा दिवस हाये."

"मले पंधरा दिवस नाही थांबवत." तो एकदम बोलला आणि स्वतःच दचकला. "म्हणजे… नोकरी लागो, न लागो. मले तुमच्याशिवाय… आमच्या घरी आईला सांगून आलो मी. ती एक दिवस बोलली नाही. आज निघताना डबा दिला, दोघांचा. तुमच्या घरचं मले माहीत नाही. नाही म्हटलं तरी चालेल. पण तुम्ही म्हणा, दुसऱ्या कोणी नका म्हणू."

राखीचे डोळे भरून आले. हसूही येत होतं, भीतीही वाटत होती; काय आधी यावं याचा मेळ लागेना.

"मी नाही म्हणत नाही," ती म्हणाली. "पण माही याडी आली हाये सोबत. त्या हॉटेलात बसली हाये. अन् तिनं आपल्याले केव्हाचं पाहून ठेवलं हाये."

सलीलच्या तोंडचं पाणी पळालं. तरी तो गेला. बाकासमोर उभा राहून त्यानं नमस्कार केला. रुपीबाईनं त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. जात विचारली नाही, घर विचारलं नाही.

"पोरीचं दुखणं तुम्ही ओळखलं," ती म्हणाली. "घरात राहून म्या नाही ओळखलं. आता मले एक सांगा. तुमचं दुखलं त तुम्ही कोणाले सांगता?"

सलीलनं हातातला डबा बाकावर ठेवला. बापाचे हात, थंडावत चाललेला क्लास, रोजची धास्ती. हे सगळं त्यानं कुणाजवळ बोलून दाखवलं होतं?

"आजवर कोणालेच नाही," तो म्हणाला. "आतापासून… हिले."

रुपीबाईनं डब्याकडे पाहिलं, मग लेकीकडे.

"हिच्या बापाले समजावाले मले उन्हाळा लागन," शेवटी ती म्हणाली आणि बाकावर सरकून जागा केली. "तवरीक डबा तरी उघडा."