ट्रायल चालू आहे

"ठेवा. उद्या या."

मोटरसायकल चढावरून ढकलत आणल्यामुळे तिला धाप लागली होती, आणि तेवढ्यात हे शब्द तिच्या अंगावर आले. कोण बोललं तेही कळेना. एका उघड्या इंजिनाच्या पलीकडे कुणीतरी उकिडवं बसलं होतं. दिसत होती फक्त एक मान, दोन कान आणि तेलाने काळा झालेला एक हात. हात जमिनीवर पाना शोधत होता. पाना हाताशेजारीच पडला होता.

"काय झालंय ते विचारणार नाही का?" तिने विचारलं.

"गाडी सांगेल."

"आणि मी काय करू?"

"तुम्ही उद्या या."

दाराशी स्टुलावर एक बाई मटार सोलत बसली होती. ती त्याची आत्या. गॅरेजात गिऱ्हाइकाशी गोड बोलायचं खातं तिच्याकडे होतं. "बस पोरी, दमलीस," ती म्हणाली. मग खुर्चीकडे बघून तिने विचार बदलला. "नको, उभीच राहा. खुर्चीवर कुणाचा तरी कार्बुरेटर बसलाय."

त्या मेकॅनिकला सगळा रस्ता उद्याशेठ म्हणत असे. तोंडावर म्हणत असत, कारण तो तोंड वर करतच नसे. ही त्याच्या वडिलांची शिकवण. गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघायचं नाही. बघितलं की एक तर दया येते नाहीतर राग येतो, आणि दोन्ही वेळा बोल्ट चुकीचा बसतो. वडील गेले, शिकवण राहिली. लोक शिव्या देत, पण गाडी त्याच्याकडेच आणत. त्याच्या हातून गेलेली गाडी वर्षानुवर्षं परत येत नसे. अडचण एकच होती. ती त्याच्या हातून जात नसे.

हिची मोटरसायकल तिच्या वडिलांची. गुडघे गेल्यावर त्यांनी ती लेकीला देऊन टाकली होती. लेक चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दुकानाचे मालक शेजारच्या गावात शाखा काढत होते, आणि तिथे कुणाला बसवायचं हा प्रश्न होता. तिचा हात हलका, बोलणं गोड, म्हातारी माणसं तिच्याकडूनच फ्रेम घालून घेत. पण सकाळी तिकडे जायला बस नव्हती. मालकांनी सरळ सांगितलं होतं, महिनाअखेरीपर्यंत स्वतःची चालती गाडी दारात दाखव, शाखा तुझी. नाहीतर माझा भाचा आहेच. भाचा म्हणजे असा, की त्याने लावलेला चष्मा एका कानाला माळ्यावर ठेवी आणि दुसऱ्याला तळघरात.

ती दुसऱ्या दिवशी गेली. उद्या या. त्याच्या दुसऱ्या दिवशी गेली. इंजिन उघडलंय, सगळं सुटं पडलंय, उद्या या. तिने शाखेचं सांगितलं, भाच्याचं सांगितलं, थोडं रडवेल्या आवाजातही सांगून पाहिलं. पलीकडची मान म्हणाली, "हूं."

रात्री ताटावर बसलं की वडील विचारत, "गाडी?"

"उद्या."

"त्याच्या बापानेही मला हेच सांगितलं होतं," वडील शांतपणे म्हणत. "तू जन्मलीस तेव्हाही गाडी तिथेच होती. तुला आम्ही रिक्षाने घरी आणलं."

मग एका दुपारी ती दुकानाची मोठी काच आतून पुसत होती, आणि समोरून तिची मोटरसायकल गेली.

तीच लाल टाकी. वडिलांनी फाटकावर आपटून पाडलेला तोच पोचा. डाव्या आरशाला बांधलेली तीच निळी तार. वर एक तरुण बसला होता, पांढरा शर्ट, चापून बसवलेला भांग. दुकानासमोर आल्यावर त्याने वेग कमी केला, आत बघितलं... आणि बघतच राहिला. एवढा, की पुढचा गतिरोधक त्याला दिसला नाही. तो सीटवरून वीतभर उडाला, पुन्हा बसला, आणि उडायचंच होतं अशा थाटात निघून गेला.

गाडी चोरीला गेली, हे आधी तिच्या लक्षात यायला हवं होतं. पण आधी लक्षात आलं ते हे, की चोराचं नाक सरळ आहे.

संध्याकाळी ती धावत गॅरेजात गेली. मोटरसायकल जागेवर उभी होती. तिने सायलेन्सरजवळ हात नेला आणि चटकन मागे घेतला.

"हा गरम कसा?"

"ऊन लागलं असेल," मान म्हणाली.

सकाळपासून आभाळ भरलेलं होतं. आत्यासुद्धा मटार सोडून वर बघायला लागली.

"इंजिन उघडलंय म्हणाला होतात ना?"

"उघडून बघितलं. आता बंद करून बघतोय. ट्रायल चालू आहे."

पुढचे काही दिवस ट्रायल जोरात चालू राहिली. मोटरसायकल दुपारी दुकानावरून जाई, आणि थोड्या वेळाने उलटी येई. कधी हँडलला भोपळा लटकत असे. ती बाहेर धावेपर्यंत गाडी वळणावर पोचलेली असे. स्वार दरवेळी आत बघून घेई. तिलाही... खरं सांगायचं तर काच त्याच वेळी पुसायला सुचे. चोर असो की कोण असो, तो काचेतून असा बघे, की तिला आपल्या पांढऱ्या कोटाची कॉलर नीट करावीशी वाटे. मग स्वतःचाच राग येई. आपली गाडी पळवणाऱ्यासाठी कॉलर कसली नीट करतेस, बाई?

महिना संपत आला, त्या दिवशी मागच्या सीटवर आत्या होती. मांडीवर पिशवी, तोंडावर वारा, एखाद्या राणीसारखी. आणि गाडी पुढे गेल्यावर चष्मेवालीला पहिल्यांदाच स्वाराची पाठ नीट दिसली. ती मान ओळखीची होती. ते दोन कानही.

ती जागच्या जागी बसली. एवढे दिवस ज्याला शिव्या घातल्या तो, आणि एवढे दिवस ज्याच्यासाठी काच पुसली तो, दोघांना मिळून एकच मान होती.

रागाने तिचे कान तापले. आता संध्याकाळी जाऊन त्याचे पाने त्याच्याच डोक्यात घालायचे, असं तिने ठरवलं. पण तेवढं थांबावं लागलं नाही. मोटरसायकल परत आली आणि बरोबर दुकानासमोर थांबली. आत्याने त्याला पाठीत एक धपाटा दिला. ती काय म्हणाली ते काचेतून ऐकू आलं नाही, पण हातवारे स्पष्ट होते. नुसत्या फेऱ्या काय मारतोस? डोळ्यांना दिसत नाही ना? मग आत जा.

तो पाय पुसून आत आला. पायपुसणं संपलं तरी पाय पुसत राहिला. मग काउंटरपाशी येऊन खाकरला.

ती मान खाली घालून एक काच पुसत होती.

"ठेवा. उद्या या," ती म्हणाली.

"काय ठेवू?"

"डोळे."



"मला काय होतंय ते..." तो चाचरला, "विचारणार नाही का?"

"डोळे सांगतील."

आता त्याला कुठेतरी ओळखीची ठिणगी लागली. त्याची नजर सवयीप्रमाणे खाली गेली. काउंटर काचेचा होता. काचेपलीकडे काळ्या पट्ट्याच्या चपला होत्या, डावीचा पट्टा सेफ्टी पिनने जोडलेला. त्या चपला तो ओळखत होता. त्या रोज त्याच्या गॅरेजात येऊन पाय आपटत होत्या. त्याने हळूहळू मान वर केली... आणि आयुष्यात पहिल्यांदा एका गिऱ्हाइकाचं तोंड बघितलं.

जवळून धूसर होतं, पण ते तोंड रोज दुकानाच्या काचेतून दिसणारंच होतं.

"त्या... तुम्ही?" तो म्हणाला.

"मी. आणि बाहेर उभी आहे ती माझी."

तो पुढे काही बोलणार, इतक्यात मालक आतून आले, त्याला धरून नेलं आणि डोळ्यांत थेंब टाकून अंधारात बसवलं. तपासणी झाली. लांबचं त्याला घारीसारखं दिसत होतं आणि जवळचं सगळं धुक्यात होतं. एवढा नंबर घेऊन तू बारीक स्क्रू बसवतोस कसा, असं मालकांनी विचारलं. तो म्हणाला, चाचपून. म्हणून वेळ लागतो.

मग तिने मालकांना दारात नेलं. "काका, ही बघा माझी गाडी. चालती आहे."

"ही?" मालक म्हणाले. "ही तर रोज इथून जाते. मला वाटलं, या पोराला चष्मा हवाय आणि आत यायचा धीर होत नाहीये." त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, एक किक मारून बघितली आणि शाखेची किल्ली तिच्या हातात ठेवली. भाच्याने हुश्श केलं. त्यालाही तिकडे जायचं नव्हतंच.

राहिला प्रश्न उद्याशेठचा. थेंबांमुळे त्याला आता लांबचंही दिसेना. माझे गुडघे धडधाकट असताना मी कशाला अडचण करू, असं म्हणून आत्या केव्हाच चालत निघून गेली होती. शेवटी चष्मेवालीने मोटरसायकल सुरू केली. तो चाचपडत मागे बसला, हात कुठे ठेवायचे ते न कळल्यामुळे स्वतःच्याच गुडघ्यांवर ठेवून. बारीक भुरभुर पाऊस सुरू झाला होता. रस्ता ओला, गार वारा, आणि मागे मिटल्या डोळ्यांनी इंजिन ऐकत बसलेला माणूस.

"गाडी कधी तयार झाली?" तिने पुढे बघतच विचारलं.

"केव्हाच."

"मग?"

"माझी स्वतःची गाडी आहे ना..." तो म्हणाला, "ती सुरू केली की झाडावरची पाखरं उडतात. तिच्यावरून तुमच्या दुकानासमोरून कसं जायचं? तुमची गाडी ऐटबाज आहे. मला वाटलं, काचेतल्या त्या... त्यांच्यावर जरा छाप पडेल."

"म्हणजे माझ्यावर छाप पाडायला माझीच गाडी मला देत नव्हतात?"

"मला काय माहीत, ते तुम्हीच म्हणून? समोरच्या फुटपाथवरून तुम्ही स्वच्छ दिसता. जवळ आलात की..." तो थांबला. "आणि जवळ मी बघतच नाही."

तिला हसू आलं, पण तिने ते गिळलं. "माझी शाखा गेली असती. मी सांगितलं होतं तुम्हाला. तुम्ही हूं म्हणालात."

दुसऱ्या गिअरमधून गाडी तिसऱ्यात गेली. मग तो म्हणाला, "चुकलं." नुसतं तेवढंच. उद्या बघतो वगैरे काही नाही. तिने आरशात बघितलं. डोळे मिटलेले, पापण्यांवर पाऊस, आणि नाक खरंच सरळ होतं.

शाखा सुरू झाली. मोटरसायकल एकदाही बंद पडली नाही, याचं तिला कौतुकही वाटलं आणि... थोडं वाईटही. गॅरेजात जायला आता काही कारणच उरलं नव्हतं. पण चष्मा त्याने करायला सांगितला होता, आणि काचा बसवायचं नवं यंत्र तिच्या शाखेत होतं.

तो आला. तो येतोय हे तिला आधीच कळलं, कारण चौकातली पाखरं उडाली.

"चष्मा?"

"उद्या या," ती म्हणाली.

तो दुसऱ्या दिवशी आला. काचा घासायच्यात. त्याच्या दुसऱ्या दिवशी आला. दांडी वाकडी आहे. तो एका शब्दाने तक्रार करत नसे. काउंटरला टेकून उभा राही, गाडीचं विचारी, वडिलांच्या गुडघ्यांचं विचारी, आणि धुक्यातून तिच्याकडे बघत हसे. त्याच्या गॅरेजात मात्र कधी नव्हे ते हाल सुरू झाले. आत्या गिऱ्हाइकांना सांगे, बसा, तो उद्या आणायला गेलाय.

एका संध्याकाळी पाखरं उडाली, पण तो आत आला नाही. तिने बाहेर बघितलं. तो समोरच्या फुटपाथवर हाताची घडी घालून उभा होता. मग रस्ता ओलांडून आला.

"लांबचं मला चांगलं दिसतं," तो म्हणाला. "तिथून बघितलं. माझा चष्मा तुमच्या मागच्या कपाटात आहे. काचांसकट."

तिचे गाल तापले. काउंटरवर पुसायला काही सापडेना.

"ट्रायल चालू आहे," ती म्हणाली.

मग दोघंही हसले, आणि हसू थांबल्यावर काय करायचं ते दोघांनाही सुचेना. तिने कपाटातून त्याचा चष्मा काढला. हा दिला की हिशेब संपला, हे दोघांनाही कळत होतं. तिने तो त्याच्या नाकावर ठेवला, दांड्या कानांमागे बसवल्या... ते कान, ज्यांच्याशी ती इतके दिवस भांडली होती. बोटं जरा जास्तच वेळ तिथे राहिली.

"जवळचं दिसतंय?"

"दिसतंय." तो हलला नाही. तो तिच्या तोंडाकडे बघत होता, वडिलांची सगळी शिकवण मोडून.

"मग? दया येते की राग?"

"तिसरंच काहीतरी येतं," तो म्हणाला. "वडिलांनी याचं सांगितलं नव्हतं." मग त्याने श्वास घेतला. "मी घरी येतो. तुमच्या वडिलांशी बोलायला. उद्या."

ते ऐकून तिचा चेहरा पडला. "उद्या म्हणजे कधी?"

"उद्या म्हणजे उद्या."

तिने घरी सांगितलं. वडील म्हणाले की पोरी, त्या घराण्यातला उद्या मी पाहिलाय, तू मनाला लावून घेऊ नकोस. दुसऱ्या दिवशी सकाळपासून ती उगाच आतबाहेर करत होती. दुपार झाली. आईने दोनदा चहा ठेवला, दोनदा उतरवला. वडील अंगणात खुर्ची टाकून रस्त्याकडे पाठ करून बसले होते. ते म्हणाले, "तू जन्मलीस तेव्हाही मी असाच..."

त्यांचं वाक्य पुरं झालं नाही. अंगणातल्या झाडावरची सगळी पाखरं एकदम उडाली.

वडिलांनी मान वाकडी करून कान दिला. "काय हा आवाज," ते म्हणाले. "कुणाची गाडी आहे ही? दुरुस्त का करत नाही तो?"

ती केव्हाच दाराकडे धावली होती. तिथूनच म्हणाली, "त्याची स्वतःची आहे, बाबा. तिला रोज उद्या सांगतो."