फाटकात आडवी गाडी

पानशेत फुटलं त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. सांगलीत विश्रामबागेच्या अलीकडे तेव्हा वस्ती विरळ होती. तिथं डॉक्टर पद्माताई आगाशे यांनी काही वर्षांपूर्वी बैठं घर बांधलं होतं. पुढं लोखंडी फाटक, फाटकातून गाडी जाईल एवढी वाट आणि वाटेच्या शेवटी पत्र्याच्या शेडात त्यांची फियाट. बाईमाणसानं स्वतः मोटार चालवायची याचंच गावाला नवल होतं. पण पद्माताई बाळंतपणं करायच्या. पोटातलं मूल काही ड्रायव्हरची वाट बघत थांबत नाही, असं म्हणून त्या स्वतःच चाक हातात घ्यायच्या. लग्न त्यांनी केलं नव्हतं. घरात त्या आणि स्वयंपाकपाणी बघणारी हरणाबाई, एवढंच माणूस.

घराला वर्ष झालं नाही तोच शेजारी मंगल कार्यालय उभं राहिलं आणि पद्माताईंच्या डोक्याला ताप सुरू झाला. तिथी असली की गल्लीत मोटारी, जीपगाड्या आणि वऱ्हाडाचे ट्रक यांची नुसती गर्दी. आणि फाटकापुढची मोकळी जागा दिसली की प्रत्येक परक्या ड्रायव्हरला ती आपल्यासाठीच ठेवली आहे असं वाटायचं. गाडी आडवी लावायची आणि पंगतीला जाऊन बसायचं. पहिल्या खेपेला पद्माताईंनी अर्धा तास वाट पाहिली. त्यानंतर मात्र कधीच पाहिली नाही. त्या सरळ मांडवात शिरायच्या, अंतरपाट धरलेला असो की विहीणबाई रुसलेल्या असोत, लाउडस्पीकरवाल्याच्या हातातून माईक घ्यायच्या आणि शांतपणे सांगायच्या, "एक बाई अडली आहे आणि तुमची काळी गाडी माझ्या फाटकात आहे. तिचं काही बरंवाईट झालं तर पहिलं सुतक गाडीच्या मालकाला." एकदा तर नवरदेवाचे मामा हातातला लाडू टाकून पळत आले होते. गाव हसायचं, पण पद्माताईंच्या वाटेला सहसा कुणी जात नसे.

अशा बाईला एका गाडीनं दाद दिली नाही. ती ही गाडी.

चैत्र अर्धा सरला होता. त्या दिवशी लग्नाची तिथी नव्हती, कार्यालयाला कुलूप होतं. दिवेलागणीला पद्माताई टपालपेटीत पत्र टाकून परत आल्या तर फाटकात जुन्या बांधणीची एक लांबलचक काळी मोटार उभी. आडवी, फाटकाच्या खांबापासून खांबापर्यंत. चाकाशी डोक्याला मुंडासं बांधलेला एक उतारवयाचा ड्रायव्हर बसला होता. समोर बघत, दोन्ही हात मांडीवर ठेवून.

पद्माताईंनी काच वाजवली आणि गाडी पुढं घ्यायला सांगितलं.

तो माणूस अदबीनं बोलला. "घेतो की, डाक्तरीणबाई. वैनीसाब आत गेल्यात. त्या आल्या की लगीच निघतो."

"आत कुठं? कार्यालय तर बंद आहे."

"तुमच्यात गेल्यात. तुमच्या घरात."

पद्माताईंना वाटलं, कुणी पेशंट आली असेल आणि हरणाबाईनं बसवून ठेवली असेल. त्या गाडीला वळसा घालून आत गेल्या. हरणाबाई भाकरी थापत होती. दुपारपासून कुणीही आलं नाही, असं तिनं सांगितलं. ओटीवर कुणी नव्हतं. तपासणीच्या खोलीत पांढरी चादर घातलेली लोखंडी खाट, तीही रिकामी. हे त्याला सांगायला पद्माताई बाहेर आल्या तर गाडी गेलेली होती. इंजिनाचा आवाज काही आला नव्हता. जिथं ती उभी होती तिथली माती मात्र चिंब झाली होती. त्यांनी मनाशी म्हटलं, कुणीतरी नदीवर नेऊन गाडी धुतली असणार. आणि तो विषय सोडून दिला.

आठवडाभरानं ती पुन्हा आली. तीच वेळ, तीच जागा. या खेपेला पद्माताईंनी नीट चौकशी केली. ड्रायव्हरनं आपलं नाव बिराप्पा सांगितलं. दहिवडीकडून आलो, म्हणाला. निघालो तेव्हा धो धो पाऊस होता आणि वाटेत ओढ्याला फार वेळ गेला, असंही म्हणाला. चैत्रात, आणि माणच्या दुष्काळी मुलखात, धो धो पाऊस! पद्माताईंना तो दारू प्यालेला वाटला. त्याच्या तोंडाचा वास यावा म्हणून त्या काचेजवळ वाकल्या. वास आला तो गाळाचा. विहिरीचा उपसा काढताना येतो तसा, गार आणि जुना. त्याचं मुंडासं पिळून काढावं इतकं ओलं होतं. मडगार्डावरून पाण्याचा एकेक थेंब खालच्या तापलेल्या धुळीत पडत होता.

"स्वतः आत येऊन बघा," पद्माताई म्हणाल्या. "घरात कुणी नाही."

"आमी आत येत न्हाई, बाई. आमाला तसं सांगितल्यालं न्हाई."

त्या रात्री हरणाबाईनं तपासणीच्या खोलीतली चादर बदलली. मधोमध माणूस निजावं तेवढी ती ओलसर झाली होती. तिनं ते पद्माताईंना सांगितलं आणि मग हळूच विचारलं की खोलीला रात्री बाहेरून कडी लावू का. पद्माताईंनी तिला छपराची कौलं बघून घ्यायला सांगितलं. कौलं धड होती आणि पाऊस यायला अजून दीड महिना होता.

भिणं हा पद्माताईंचा स्वभावच नव्हता. खेड्यापाड्यांत कंदिलाच्या उजेडात त्यांनी इतक्या जणींना मरणाच्या दारातून ओढून आणलं होतं की अंधाराशी त्यांचा जुना परिचय झाला होता. तरी त्या आठवड्यात संध्याकाळ झाली की त्यांचं लक्ष फाटकाकडं जायचं.

आणि मग ती संध्याकाळ आली. बुधगावचा जालिंदर नावाचा एक तरणा गिरणीकामगार सायकल हाणत आला. त्याची बायको सकाळपासून अडली होती, सुईणीनं हात टेकले होते. घामानं निथळत, दम खात त्यानं कसंबसं सांगितलं. पद्माताईंनी बॅग उचलली, हत्यारांची पेटी घेतली, शेडातून फियाट काढली आणि फाटकाशी येऊन ब्रेक दाबला.

काळी मोटार आडवी उभी होती.

"मी आलो तवा पन हीच व्हती," जालिंदर म्हणाला. "सायकल कशीबशी कडंनं काढली." त्याची उजवी बाही गाडीला घासून भिजली होती. तो ती पिळत होता आणि आपण का पिळतोय याचं त्याला भान नव्हतं.

पद्माताई उतरल्या. दोन वाक्यांत त्यांनी बिराप्पाला सांगितलं की एका बाईचा जीव जातोय. त्यानं मान हलवली. त्याला वाईट वाटल्यासारखं दिसलं.

"समजतंय, बाई. पन वैनीसाबास्नी सोडून कसा जाऊ? त्यास्नी घिऊन लय लांबनं आलोय."

जालिंदरनं मागून जोर लावून गाडी ढकलून पाहिली. ती तसूभर हलली नाही. टांगा बघावा तर तिठ्यावर एकही नव्हता. पद्माताई तडक मागं वळून घरात गेल्या. हरणाबाई देवापुढं बसली होती. तिच्याकडं न बघता त्या तपासणीच्या खोलीत शिरल्या आणि दार लोटून घेतलं.

आत अंधार होता. ओल्या लुगड्याचा आणि चिखलाचा वास इतका दाट, की छातीवर काहीतरी ठेवल्यासारखं वाटत होतं. पद्माताईंनी दिवा लावला नाही. हट्टी पेशंटशी बोलायच्या तसल्याच आवाजात त्या म्हणाल्या, "हे बघा, तुम्ही कोण मला माहीत नाही. पण तुमचा माणूस खोटं बोलणारा वाटत नाही. बाहेर तुमची गाडी माझी वाट अडवून उभी आहे आणि तिकडं एक पोर मरायला टेकली आहे. तुम्ही आता उठा."

बराच वेळ काहीच झालं नाही. मग खाटेची स्प्रिंग करकरली.

"डाक्तरीणबाई..." अगदी हळू, कुणीतरी. "अजून तपासलं न्हाई मला..."

पद्माताईंचे हात सवयीचे होते. कुणी तपासा म्हटलं की पुढं होणारे. त्या खाटेपाशी गेल्या आणि अंधारात उजवा हात पुढं केला. हाताला ओलं कापड लागलं. कापडाखाली पोट. भरलेलं, टणक, नदीच्या तळाच्या दगडासारखं थंड. पद्माताईंनी तळवा तसाच ठेवला, आणि त्या थंडाव्याच्या आतून तळव्याला एक लाथ बसली. जिवंत. चांगली जोरकस.

त्यांच्या तोंडून तेच निघालं, जे त्या प्रत्येक बाईला म्हणायच्या. गेली कित्येक वर्षं, न विचार करता.

"बाळ छान आहे. तुम्ही आता निवांत जा. त्याची काळजी माझ्यावर सोडा."

खाट पुन्हा करकरली. त्यांच्या दंडाला कुणाचा तरी ओला पदर घासून गेला. दार उघडलं. ओटीवरून ओली पावलं गेली, जड नाहीत, झपाझप. फाटकाची कडी वाजली. पद्माताई धावत बाहेर आल्या तेव्हा मोटारीचं मागचं दार नुकतंच बंद होत होतं आणि मागची बाजू कुणी बसल्यासारखी किंचित खाली दबली होती.

बिराप्पानं पहिल्यांदाच काच पूर्ण खाली केली. त्याच्या चेहऱ्यावर समाधान होतं.

"लय उपकार झालं, बाई. हितं येताना जड व्हत्या, आता मोकळ्या झाल्यात."

"मोकळ्या म्हणजे?"

"लेकराचं आता तुमी बघताय म्हनल्या." त्यानं हात जोडले. "मग आमी जातो."

गाडी निघाली. तिचा आवाज झाला नाही, आणि वळणावर पोचायच्या आधीच ती दिसेनाशी झाली.

पद्माताईंनी विचार करायला वेळ घेतला नाही. बुधगाव गाठलं, उजाडेपर्यंत झुंजल्या, आणि जालिंदरची बायको आणि तिची मुलगी, दोघीही वाचल्या. सकाळी उन्हं आल्यावर त्या घरी परतल्या, फाटक बंद केलं आणि आधी तपासणीची खोली धुंडाळली. खाटेखाली पाहिलं, कपाटामागं पाहिलं. चादर कोरडी होती, सुरकुतीही नव्हती. हरणाबाई म्हणाली की रात्रभर घरात चिटपाखरूही हललं नाही, उलट कितीतरी दिवसांनी तिला गाढ झोप लागली. पद्माताईंनी गरम पाण्यानं हात धुतले, दोनदा धुतले, आणि झोपायला गेल्या. ती गाडी पुन्हा कधीच आली नाही. वर्षं गेली. कामाच्या रगाड्यात ती संध्याकाळ त्यांनी मागं टाकली. तसं करणं त्यांना जमत असे.

एक मात्र झालं होतं, आणि त्याचं श्रेय पद्माताई स्वतःच्या दराऱ्याला देत. त्यांच्या फाटकात गाड्या लागेनाशा झाल्या. गल्ली तुडुंब भरली तरी फाटकापुढची जागा तेवढी स्वच्छ मोकळी. माईक हातात घ्यायची वेळच आली नाही.

कोयनेचा भूकंप होऊन गेल्यानंतरचा वैशाख. दाट तिथीचा दिवस, भर दुपार. पद्माताई माधवनगरहून एक बाळंतपण उरकून येत होत्या. गल्लीत मुंगीला वाट नव्हती, आणि त्यांचं फाटक नेहमीसारखं मोकळं. पलीकडे भिंतीला अगदी चिकटवून, भर उन्हात, शिराळ्याकडच्या वऱ्हाडाची एक जीप कशीबशी घातली होती. ड्रायव्हर सावलीला उभा राहून विडी ओढत होता. नवखा माणूस, पहिल्यांदाच आलेला. पद्माताईंना त्या दिवशी बरं वाटत होतं. त्यांनी गाडी थांबवून काचेतून त्याला म्हटलं, "फाटक सोडून लावलीत, छान केलंत. कुणी सांगितलं का?"

"सांगितलं की, बाई," तो हसून म्हणाला. "तुमच्या पोरानंच. मी गाडी तिथंच लावाय लागलो व्हतो. फाटकात मधोमध बसलं, उठंचना. म्हनलं, का रं गड्या? तर म्हनतंय, हितं नगा लावू, माजी आई गाडी घिऊन यायची हाय."

पद्माताईंनी काच आणखी खाली केली.

"लय गुणाचं हाय. पाच-सहा वर्साचं असंल न्हवं? उन्हातनं कवाचं बसलंय तुमच्यासाठनं." त्यानं विडी टाकली आणि फाटकाकडं बोट केलं. "बगा, गाडी बगून कसं उठलं."

पद्माताईंनी समोर पाहिलं. फाटक होतं. वाट होती. वैशाखाचं पांढरं ऊन होतं.

थोड्या वेळानं त्यांनी पहिला गिअर टाकला. गाडी हळूहळू पुढं घेतली, पुढं लहान मूल असलं की घेतात तशी, आणि हॉर्न काही वाजवला नाही. आत वळताना त्यांची नजर आरशात गेली. रस्त्यावरचा तो ड्रायव्हर फाटकाकडं बघत, जरासा वाकून, हात हलवत होता, लहान मुलानं आधी हलवला म्हणजे हलवतात तसा.