शेंड्याआधीचं पातं

आमची पवनचक्की पीठ दळत नाही, पाणी उपसते. जमीन समुद्रापेक्षा खाली. चक्की फार दिवस थांबली की गाई गुडघाभर पाण्यात. पण थांबलेली चक्कीही गप्प बसत नाही. वरचं पातं शेंड्याला, म्हणजे सगळ्यात उंच जागी, पोचायच्या जरा आधी थांबवलं, तर घरात आनंद, कुणीतरी येतंय. शेंडा ओलांडून थांबवलं, तर कुणीतरी गेलंय. मग कालव्याकाठचे शेजारीही आपापली पाती तशीच लावतात.

माझा नवरा क्राइन फेब्रुवारीत गोठलेल्या कालव्यावरून स्केट्स घालून बाजाराला निघाला. वाटेत बर्फ फुटलेला सापडला, तो सापडला नाही. मी पातं शेंड्याआधी बांधून ठेवलं.

"वहिनी, पुरे आता," माझी नणंद म्हणाली. हिला तिचं नाव. "लोक बोलताहेत."

"तुझ्या भावाला उशिरा यायची खोडच आहे. लग्नात नाही का, पाद्रीबुवा वाट बघून घोरायला लागले होते!"

हिला हसली, आणि हसता हसताच रडायला लागली.

मार्चमध्ये बर्फ वितळला. क्राइन सापडला. त्याला पुरून आल्यावर मी स्वतः पातं शेंड्यापलीकडे नेलं, ब्रेक टाकला, साखळी घातली. ते काम मी दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी पातं शेंड्याआधी होतं. साखळी मी घातली तशीच, घट्ट.

"काल भावाला माती दिली, आणि आज आनंद?" हिला भडकली.

"मी हातसुद्धा लावला नाही गं."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं, मग साखळी ओढून पाहिली. दोघींनी मिळून पातं परत शेंड्यापलीकडे आणलं. वारा अजिबात नव्हता. कालव्यातले ढगसुद्धा जागचे हलत नव्हते.

घराच्या दाराशी पोचलो, तेव्हा मागे लाकूड कण्हलं.

पातं परत येत होतं. उलटं. आमची चक्की जन्मात कधी उलटी फिरलेली नाही.

शेंड्याआधी येऊन ते थांबलं.

जरा वेळाने पलीकडच्या काठावर शेजारी टॉनिसने आमचं पाहून आपलं पातं तसंच लावलं. मग त्याच्या पुढच्या चक्कीनेही.

टॉनिस पाण्यावरून ओरडला, "नेल्टावहिनी! कोण आलं घरी?"

हिलाने माझा हात गच्च धरला.

मी दारातून जरा बाजूला सरले, आणि वाट दिली.